शालिकचं चाक

काल पुन्हा कोणीतरी तो व्हिडिओ पाठवला. एक पंखा, त्याच्या पात्यांना चिकटवलेली दोन लोहचुंबकं, खाली कुठंतरी लपवलेली वायर आणि शेजारी पेटलेला बल्ब. वर लिहिलेलं, 'बिजली का बिल भूल जाओ'. पाठवणारा कोण, तर माझा सख्खा भाचा. इंजिनियर झालेला. माझं डोकं भणभणलं. चष्मा लावला आणि उत्तर लिहायला बसलो. 'अरे गाढवा, तुला कॉलेजात काय शिकवलं' इथून सुरुवात केली आणि चार ओळींनंतर बोट थांबलं. हे सगळं मी सात वर्षं तोंडानं बोललो होतो. एकाच माणसाला. शालिकराम डोंगरवार जाऊन आता दोन वर्षं झाली. भांडणारा गेला आणि माझी भांडायची सवय मात्र जात नाही.

आम्ही दोघं भिलाईजवळ हथखोजच्या एका छोट्या रोलिंग मिलमध्ये कामाला होतो. भंगार लोखंडाचे तुकडे भट्टीत लाल करायचे आणि रोलमधून दाबून काढून सळया करायच्या, असा तो कारखाना. मी इलेक्ट्रिशियन, तो फिटर. तो भंडाऱ्याकडचा, मी गोंदियाकडचा. दोघांच्याही घरी धानाची शेती, आणि दोघांच्याही बापांनी 'भिलाईले जा, तिथं काही ना काही भेटते' म्हणून गाडीत बसवून दिलेलं. पुढं भिलाईतच हुडको कॉलनीत घरं घेतली तीही भिंतीला भिंत लागून. बायकांचं छान जमायचं. आमचं जमायचं असं माझ्यानं म्हणवत नाही. रोज भेटायचो, एवढंच.

शालिक ठेंगणा, खांद्यात रुंद. डाव्या हाताची दोन नखं कायमची काळी. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हा वीतभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर लावायचा. त्याचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. फिटर लोक बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात, त्यात नवल नाही. पण हा बाबा कारखान्याबाहेरही तेच करायचा. माझ्याकडं चहाला आला की बसायच्या आधी फ्रिजपाशी जायचा.

"वासुदेवा, तुहा कंप्रेसर थकून राहिला बे."

"तू चहा पी."

"चहा पितो. पण हा दिवाळी नाई पाहत."

नाही पाहिली. दसऱ्यालाच बसला. माझ्या मुलीच्या लग्नात तर यानं कहर केला. पंगतीतून उष्ट्या हातानं उठून मंडपामागं गेला, तिथल्या जनरेटरला स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि जनरेटरवाल्याला म्हणाला, बंद कर, ऑइल नाही यात. जनरेटरवाला म्हणाला, काका, जाके खाना खाओ. दहा मिनिटांत जनरेटर जाम झाला आणि वरण वाढता वाढता मंडपात अंधार. माझी बायको आजही म्हणते, तुमच्या मित्राची दृष्ट लागली. दृष्ट कसली, तो ऐकायचा. मशीनच्या बाबतीत त्याचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. हीच तर माझी सगळी चीड होती. माणूस येडा असता तर दोन शिव्या देऊन सोडून दिला असता.

त्याच्या डोक्यात ते खूळ शिरलं तेव्हा मी हजर होतो. आमच्या मिलमध्ये रोलला एक अजस्र चाक जोडलेलं होतं, फ्लायव्हील. मोटर ते फिरवते, आणि लाल तुकडा रोलमध्ये शिरताना जो एकदम जोर लागतो तो हे चाक पुरवते. एका दुपारी सळई अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि सप्लाय गेला. आम्ही कपाळाला हात लावला. सळई आता आतच थंड होणार, मग कापत बसा. पण चाक आपल्या वजनानं फिरत राहिलं आणि सळई सरळ पलीकडं निघाली. सगळ्यांनी हुश्श केलं. शालिक चाकासमोर उभा तो उभाच.

"वीज नाई, अन् काम झालं. मग हे काम कोनं केलं गा?"

"चाकात जे साठलं होतं त्यानं."

"साठलं म्हणजे कुठं? दाखव."

आता चाकात साठलेला जोर बोटानं कुठं दाखवू? मी म्हटलं, सायकलचं पायडल मारणं थांबवलं तरी सायकल थोडी पुढं जाते का नाही? तो म्हणाला, "जाते. पण तिच्यावर कोनी बसून नसलं तर लांब जाते. म्हणजे ओझं कमी केलं की लांब जाते. ओझं आणखी कमी केलं, तर?" मी म्हटलं, आणखी थोडी लांब जाईल आणि थांबेल. तो म्हणाला, "पाहू." त्या 'पाहू'नं पुढं माझा जीव खाल्ला.

निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं तो शांत होता. मग त्याच्या बायकोचा, कुसुमवहिनींचा, दम वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आखडत चालली आहेत, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा. फ्रिजच्या निम्म्या उंचीचं, चाकं असलेलं ते मशीन पुढच्या खोलीत आलं. त्याला लांबच लांब पारदर्शक नळी. ती नाकाला लावून वहिनी स्वयंपाकघरापासून मागच्या दारापर्यंत जाऊ शकायच्या. मशीन विजेवर चालणारं. वीज गेली की ते टूं टूं करून ओरडायचं, आणि वहिनींचा चेहरा असा व्हायचा की पाहवत नसे. कोपऱ्यात एक सिलिंडर होता, तेवढ्यापुरता लावायला.

त्याच महिन्यात मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली. हथखोजच्या भंगारवाल्याकडून एका जुन्या प्रेसचं चाक आलं. ते उतरवायला चार माणसं लागली. मोटर चाकाला पट्ट्यानं जोडलेली, चाकाच्या दुसऱ्या बाजूला पट्ट्यानं जोडलेला डायनॅमो. घरच्या विजेवर मोटर सुरू करायची, चाक पूर्ण वेगात आलं की खटका फिरवायचा. मग डायनॅमोची वीज मोटरला, मोटर चाकाला, चाक डायनॅमोला. आणि वरून एक बल्बही पेटवायचा.

"आपलीच वीज, आपलीच मोटर. कोनाले मागाचं काम नाई," शालिक म्हणाला.

"अरे, आपलंच शेपूट खाऊन कुत्र्याचं पोट भरते का?"

"इन्व्हर्टर तीन-चार तासांत संपते. सिलिंडर संपते. हिच्यासाठी मले संपणारं काही नाई पाहिजे."

मी हात टेकले. मी म्हटलं, तिला चार तासांचा इन्व्हर्टर घेऊन दे, जन्मभराचा कोण मागतं आहे? ते राहू दे, माझ्या घरी इन्व्हर्टर आहे, भिंतीवरून एक वायर टाकतो, वीज गेली की तुझं मशीन माझ्या घरातून चालेल. दहा मिनिटांचं काम आहे. तर म्हणे, "लावला की माहा हात ढिला पडन. मग हे काम होणार नाई." आता या माणसाला काय म्हणावं! बायकोचा श्वास टांगणीला आणि हा स्वतःच्या हाताला शिस्त लावतो आहे.

चौकातल्या साहूच्या चहाच्या ठेल्यावर रोज सकाळी कोर्ट भरायचं. शालिकच्या बाजूनं वर्माजी. हे एका शाळेतले निवृत्त क्लार्क. त्यांना मोटर आणि मिक्सर यातला फरक माहीत नव्हता, पण मला सांगायचे अधिकारानं. "अरे कापगते जी, सब खोज हो चुकी है. बड़ी कंपनियों ने दबा दिया." मी म्हणायचो, वर्माजी, आप का गीजर किसने दबा दिया, पिछले साल से बंद पड़ा है. साहू अट्टल छत्तीसगढी, भांडण चालू राहिलं की त्याचा चहा खपायचा. तो मधूनच तेल ओतायचा, "होही भैया, काबर नइ होही!" म्हणजे, होईल की, का नाही होणार. मी कागदावर आकृत्या काढायचो. पट्ट्यात किती जातं, बेअरिंगमध्ये किती जातं, तारा गरम होतात त्यात किती जातं. शालिक शांतपणे ऐकायचा, मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "म्हणजे एवढं वाचवाचं आहे." वाचवायचं! मी सांगतो आहे की हे होणार नाही, आणि हा ते कामाची यादी म्हणून घेतो आहे. दुसऱ्या दिवशी बेअरिंग बदललेली.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी कॉलनीतल्या मंडळाच्या गणपतीत त्याचं मशीन ठेवायचं ठरलं. वर्माजींची कल्पना. हॉलमध्ये टेबलावर बल्ब, खाली मशीन, समोर शंभरेक माणसं. शालिकनं नवा शर्ट घातलेला, खिशाला स्क्रू-ड्रायव्हर होताच. चाक वेगात आलं, खटका फिरवला, हॉलच्या विजेची वायर काढून त्यानं सगळ्यांना दाखवली. बल्ब पेटलेला. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली. बल्बचा उजेड जराही उतरला नाही. चार, पाच. टाळ्या सुरू झाल्या. वर्माजींनी माझ्याकडं असं पाहिलं की जमीन दुभंगली असती तर मला बरं वाटलं असतं. मी मनातल्या मनात माझं सगळं शिक्षण तपासत होतो.

शालिक मात्र टाळ्या घेत नव्हता. तो वाकला, चाकाच्या बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून कान लावला. मग मान वर करून बल्बकडं पाहिलं. पुन्हा कान लावला. चाकाचा आवाज उतरत उतरत थांबायला आला होता आणि बल्ब तसाच होता. त्यानं टेबलावरची चादर उचलली. खाली एक बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर, आणि बल्बची वायर तिथं गेलेली.

"वर्माजी, हे काय होय?"

"अरे डोंगरवार जी," वर्माजी हळूच म्हणाले, "लोगों को पहले विश्वास तो हो. मशीन बाद में चल जाएगी."

शालिकनं वायर उपसली. बल्ब विझला. तो लोकांकडं वळून म्हणाला, "माही मशीन दोन मिनिटं अन् वर थोडी चालली. बाकीचं बॅटरीचं होतं. माफ करा." लोक हसले, शिट्ट्या वाजल्या, आरती झाली. चाक परत न्यायला हातगाडी आणली, ती मीच लोटली. मला वाटलं, चला, सुटलो. आता हा खरा शहाणा झाला.

सकाळी सात वाजता भिंतीवरून हाक. "वासुदेवा! काल आवाजावरून दोन चाळीस चालली असन. मागच्या वेळी दोन पंधराच होती. वाढून राहिली बे!"

मी दात घासत होतो. तोंडातलं सगळं तिथंच थुंकलो.

आणि ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त राग यायचा ती सांगतो. आमच्या मिलमध्ये एक जुना मॅनेजर होता, त्यानं शटडाऊनची चिठ्ठी सक्तीची केली होती. रोलमध्ये काम करायचं असलं की आधी मी सप्लाय बंद करायचो, फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात ठेवायचो आणि फिटरला चिठ्ठी लिहून द्यायचो, 'लाइन बंद आहे'. खाली माझी सही. फिटर ती चिठ्ठी घेऊन आत शिरायचा. काम झालं की चिठ्ठी परत, मगच फ्यूज परत. चिठ्ठी चुकली तर रोलमध्ये माणूस जातो, इतकी साधी गोष्ट. म्हणून मी प्रत्येक फिटरला सांगायचो, माझ्यावर विसंबू नका, आत जायच्या आधी एकदा बटन दाबून पाहा. बाकीचे दाबायचे. शालिकनं वीस वर्षांत एकदाही दाबलं नाही. चिठ्ठी खिशात घातली की सरळ दोन्ही हात रोलमध्ये.

"बटन दाब रे बाबा!" मी ओरडायचो.

"तू लिहून देलं ना? मग झालं."

आता सांगा. माझ्या एका सहीवर हा माणूस दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायचा. आणि मी सात वर्षं घसा फोडून सांगतो आहे की ही मशीन चालणार नाही, तर ऐकायला तयार नाही! मी एकदा तोंडावर म्हटलंही. तो विचारात पडला आणि म्हणाला, "ते वेगळं होतं गा. तिथं तुले माहीत होतं." म्हणजे इथं मला माहीत नाही! त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्या पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकायला आला, तेव्हा बोलावंच लागलं.

कुसुमवहिनी कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या. अंगानं मूठभर, जिभेनं तिखट. शेडमधून घरघर सुरू झाली की म्हणायच्या, "चालू झाली सवत." चाक थांबलं की ओरडून विचारायच्या, "अजी, मेली का?" आतून उत्तर यायचं, "दोन पन्नास!" "दोन पन्नासमदे माहा भातही नाई शिजत," असं म्हणून त्या नळी सावरत गॅसकडं वळायच्या. नागपूरहून त्यांचा मुलगा फोनवर बापाला इन्व्हर्टरसाठी रागवायचा, तेव्हा मात्र त्या फोन काढून घ्यायच्या. "राहू दे रे. त्याइले करू दे." मला ते कधी कळलं नाही. मी म्हणायचो, वहिनी, तुम्हीच त्याला डोक्यावर बसवून ठेवलंय. त्या हसायच्या, आणि हसलं की खोकला.

मग तो मे महिना आला. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळवंडलं, धुळीचं वादळ उठलं आणि पलीकडच्या गल्लीत झाडाची फांदी तारांवर पडली. वीज गेली. माझ्याकडं पंखा इन्व्हर्टरवर चालू राहिला, आणि भिंतीपलीकडून ते टूं टूं ऐकू आलं. मी चपला न घालता धावलो.

वहिनी खुर्चीत पुढं वाकून बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी नळी काढून सिलिंडरला लावली, चावी फिरवली. काटा पाहिला. काटा लाल पट्ट्यात. सिलिंडर भरून आणायचा, हे शालिकला चार दिवसांपासून सांगून झालं होतं. तो 'उद्या' म्हणत होता, कारण नवा पट्टा आला होता. फार तर दहा-पंधरा मिनिटांचा वारा असेल त्यात.

तेवढ्यात मागच्या दारातून शालिक आला. हातात वायरचं भेंडोळं, वायरच्या टोकाला बोर्ड. डोळे असे की मी तसे त्याचे कधी पाहिले नव्हते.

"चालू आहे! वीज गेली तवा चाक फुल वेगात होतं. खटका टाकला. अजून फिरून राहिलं! आण तिचा प्लग!"

शेडमधून घरघर येत होती, खरंच. त्यानं ऑक्सिजनच्या मशीनचा प्लग भिंतीतून उपसला. एका हातात प्लग, एका हातात बोर्ड. मध्ये वीतभर अंतर. मला माहीत होतं काय होणार. त्या चाकात एका बल्बचा जीव होता. हे मशीन चार-पाच बल्बांइतकं खाणारं. लावताक्षणी चाक बसणार, वीज घसरत जाणार, आणि त्या घसरत्या विजेत मशीनचा कंप्रेसर जळणार. मग माझ्या इन्व्हर्टरवरही काही लावायला उरणार नाही. हे सगळं मी बोलायला तोंड उघडलं, आणि वहिनीच बोलल्या. तुटक, श्वास घेत घेत.

"लावा जी. सात वर्स... ऐकून राहिली. लावा एकदाची."

त्यांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. थट्टा नव्हती त्यात. शालिक प्लग घेऊन उभा. लावेना. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"वासुदेवा. तू सांग."

"काय सांगू?"

"लावू का नको?"

सात वर्षं मी आकृत्या काढल्या होत्या. त्या क्षणी एकच शब्द निघाला. "नको."

त्यानं बोर्ड खाली ठेवला. वाद नाही, 'पाहू' नाही, 'का' नाही. रोलमध्ये हात घालायचा तसा, काही न तपासता. मला तिथंच रडू आलं असतं, पण वेळ नव्हता. मी घरी धावलो, बायकोनं वायर भिंतीवरून टाकली, त्यानं पलीकडून ओढली, प्लग माझ्या विजेत लावला. मशीन गुरगुरून सुरू झालं. नळी बदलली. थोड्या वेळानं वहिनींच्या ओठांचा निळेपणा उतरला. शेडमध्ये चाक कधी थांबलं हे कोणीच ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शालिक स्वतः जाऊन इन्व्हर्टर घेऊन आला. सिलिंडर भरला, वर आणखी एक आणला. मला म्हणाला, जोडून दे. मी जोडत होतो आणि वाट पाहत होतो, आता काहीतरी बोलेल, आता म्हणेल हे चार तासच चालते. तो वायर धरून उभा होता. बोलला नाही. ठेल्यावर वर्माजींनी विचारलं, मशीन का क्या हुआ? तो चहा पीत राहिला. साहूनंही त्या दिवशी तेल ओतलं नाही. मी जिंकलो होतो. असं जिंकणं देवानं कोणाला देऊ नये. मी चिडचिड करायला लागलो, बायकोवर, भाजीवाल्यावर. मी आमच्या फ्रिजवर मुद्दाम एक भांडं ठेवलं, खडखड वाजायला. तो आला, भांड्याकडं पाहिलं, बसला आणि चहा पिऊन गेला. फ्रिजला हातही लावला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी वहिनींनी भिंतीपाशी बोलावलं. नळी ताणून त्या मागच्या दारापर्यंत आल्या होत्या.

"भाऊजी, ह्याइले मशीन चालू कराले सांगा."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. "मी? मी सांगू? वहिनी, सात वर्षं मी..."

"तुमी जिंकले ना जी? मग आता एवढं करा." त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "दिवसभर माह्या समोर खुर्ची टाकून बसते. माह्या तोंडाकडं पाहते. मी श्वास घेतला की ह्यांचा श्वास सुटते. झोपली तर नाकापुढं बोट धरते. मी डोळे मिटून पडली राहते, बोट आलं की मले समजते." मग त्या म्हणाल्या, "मी जिती आहो, भाऊजी. मले कोनी मरताना पाहून राहिलं असं वाटते. शेडमदे होते तवा हे माह्यासाठीच काहीतरी करत होते, पण माह्याकडं पाहत तर नोते."

इतकी वर्षं ती घरघर ऐकून ही बाई कंटाळली असेल, असं समजून मी तिच्या वतीनं भांडत होतो.

मी आत गेलो. शालिक खुर्चीवरच होता. ऑक्सिजनच्या मशीनच्या काचेत हवेचा जोर दाखवणारी छोटी गोळी तरंगते, तिच्याकडं पाहत बसलेला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "शालिक, त्या दिवसाचं मी नंतर पाहिलं. तुझा पट्टा स्लिप होत होता."

धादांत खोटं. त्या दिवसानंतर मी शेडमध्ये पाऊलही टाकलं नव्हतं. नोकरीत मी न पाहिलेली गोष्ट कधी पाहिली म्हणून सांगितली नव्हती.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "पट्टा स्लिप नोता. नवा होता. मी आवाज ऐकला होता."

मी मान खाली घातली. बाहेर वहिनींच्या नळीचा फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. शालिकनं दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून उठला.

"पण टाइट करून पाहतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडं रायपूरला जायचं होतं. तिथंच मला त्याच्या जाण्याचा फोन आला. शेडमध्ये बसल्या बसल्या गेला, असं नंतर समजलं. वहिनी आता मुलाकडं नागपूरला असतात. पण निघायच्या आधी बॅग हातात घेऊन मी भिंतीवरून डोकावलो होतो, तेवढं सांगायचं राहिलं. शालिक माझ्याकडं पाठ करून उकिडवा बसलेला. बनियन घामानं पाठीला चिकटलेली, हातात पाना. चाक घरघरत होतं. वहिनी नळी सांभाळत मागच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या, मांडीवर सुपात तांदूळ.

"अजी, आज किती?"

"थांब ना बे, आताच टाइट केला."

"बायकोले बे म्हणते, पाहा," म्हणत त्या मोठ्यानं हसल्या. हसता हसता खोकला लागला. एक उबळ, मग दुसरी. मी भिंत धरून उभा. शालिकनं नट आणखी अर्धा फेरा फिरवला, पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, पुन्हा पाना लावला. वहिनींचा खोकला थांबला, त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि तांदूळ निवडायला घेतले. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.